फोल्डरची वहिवाट

दादाच्या स्टुडिओत देवाच्या फळीखाली एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला काळ्या दोऱ्यात ओवलेले तीन पेनड्राइव्ह लटकतात. लाल गिऱ्हाइकांचा, निळा घरचा, पांढरा लग्नपत्रिकांचा. चिखलीतलं आमचं घर दुमजली. खाली दादाचा फोटो स्टुडिओ. वरच्या मोठ्या खोलीत वहिनी अल्बम लावते, तिच्या शेजारी मी लोकांचे हिशेब लिहितो आणि रिटर्न भरतो, पलीकडे बारावीतला पुतण्या लॅपटॉप घेऊन बसतो. चार कॉम्प्युटर, एक राउटर, तेवीस पायऱ्या. लग्नसराईत वहिनीचे गुडघे दुखतात ते याच पायऱ्यांनी, कारण फोटो खाली असतात आणि अल्बम वर होतो.

तुळशीची लग्नं लागली, पहिल्या दोन तारखांचे फोटो येऊन पडले, आणि एका संध्याकाळी मी पुन्हा विषय काढला. घरातले चारही कॉम्प्युटर एकमेकांना जोडू, एक सामाईक फोल्डर करू, पायऱ्या बंद. दादाचं बोलणं वऱ्हाडी आहे. इथं लिहिताना मी ते जरा सरळ केलंय, पण ‘मले-तुले’ तसंच ठेवलंय. ते काढलं तर तो दादा राहत नाही.

‘एकदा केलं होतं ना तू शेअरिंग?’ तो कॅमेऱ्याची काच पुसत म्हणाला. ‘विसरला काय?’

विसरलो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी मी त्याच्या कॉम्प्युटरची अख्खी डी ड्राइव्ह शेअर केली होती. परवानगीच्या चौकटीत ‘एव्हरीवन’ आणि त्यापुढे ‘फुल कंट्रोल’. म्हणजे घरातल्या कुणीही कुठूनही काहीही करावं. चार महिने सगळे खूश होते. मग परीक्षा संपलेल्या पुतण्यानं जागा मोकळी करायची म्हणून, आपल्या समजुतीनं जुनी कॉपी असलेलं, एका मुलीच्या लग्नाच्या फोटोंचं फोल्डर वरूनच पुसलं. कायमचं पुसू का, असं मशीननं विचारलं. तो हो म्हणाला. आपल्या कॉम्प्युटरवरची फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते, पण विंडोजच्या शेअर फोल्डरातली फाइल दुसऱ्या मशीनवरून पुसली तर ती या मशीनच्या बिनमध्येही जात नाही आणि त्याही मशीनच्या नाही. ती गेलीच. हे त्या पोराला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

दादाच्या लक्षात येईपर्यंत त्याच डिस्कवर आणखी दोन लग्नं उतरवून झाली होती. पुसलेल्या जागेवर नवं लिहिलं गेलं की मागचं परत मिळत नाही. फाइल शोधून काढणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं, थोडे फोटो हाती आले. कॅमेऱ्यातलं लग्नाचं कार्ड सुदैवानं तसंच होतं, हळदीचं कार्ड फॉरमॅट झालेलं. त्या मुलीच्या हळदीचे जवळजवळ सगळे फोटो गेले. दादा स्वतः तिच्या वडिलांच्या दारात जाऊन उभा राहिला. आम्हा कुणाला त्यानं बरोबर नेलं नाही.

‘पेनड्राइव्हचं एक बरं असते,’ दादा म्हणाला. ‘खिळ्यावर नसला तर मले कळते, कोणीतरी नेला. कोणी नेला ते विचारता येते. तुझ्या त्या फोल्डरात रात्री कोण आलं, कोण गेलं, काय कळते?’

‘आणि गेल्या हंगामातली पत्रिका? ती कशानं बिघडली?’

तो गप्प झाला. वहिनीनं नवरदेवाच्या आडनावातली चूक वर दुरुस्त केली होती. दुरुस्त फाइल पांढऱ्या पेनड्राइव्हात आली, पण त्याच पेनड्राइव्हात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन २’ अशा तीन फाइली होत्या आणि छापायला गेली मधली. पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. एकाच कागदाच्या चार कॉप्या चार ठिकाणी फिरायला लागल्या की खरा कागद कोणता, हे कुणीच सांगू शकत नाही. सामाईक फोल्डराचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. फाइल एकाच जागी राहते, माणसं तिच्यापाशी जातात.

‘शिवाय लाल पेनड्राइव्ह,’ मी म्हणालो. ‘गिऱ्हाईक कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरला लावून आणतं. सगळी फोल्डरं शॉर्टकट झाली होती, आठवतं?’

‘आठवते. पण एक सांग, तो व्हायरस तेव्हा माझ्या एकट्या मशीनमधी राहिला. तुझी तार जोडलेली असती तर तो पायऱ्या चढून वर आला असता. खोटं हाये काय?’

खोटं नव्हतं, आणि मी तसं मान्य केलं. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभरातल्या दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांमधल्या फाइली कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. तो पसरला तो नेमका याच वाटेनं. विंडोजची मशीनं एकमेकांशी फाइली वाटून घेताना जी भाषा बोलतात तिला एसएमबी म्हणतात. त्या भाषेची पहिली, जुनी आवृत्ती सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागात एक भगदाड होतं. मायक्रोसॉफ्टनं ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी दोन महिने ते टाकलं नाही, त्यांच्याकडे तो शिरला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ती पहिली आवृत्ती आपोआप येणंच बंद झालं. तरी आजही ‘शेअरिंग होत नाही’ म्हणून शोधायला गेलं की कुणीतरी व्हिडिओत सांगतं, एसएमबी १ चालू करा, पासवर्डची अट काढून टाका. कृपा करून करू नका. दार उघडत नाही म्हणून चौकट उखडून टाकण्यासारखं आहे ते.

‘मग तूच सांगतो की धोका हाये.’

‘धोका आहे. तो तारेत नाही दादा, हक्कांत आहे. व्हायरस कुणाच्या तरी नावानं चालतो. तू मशीन उघडून बसलास की तो तुझ्या नावानं चालणार. तुझ्या नावाला जेवढे हक्क, बहुतेक वेळा तेवढेच त्याला. मी तेव्हा सगळ्यांना सगळं देऊन ठेवलं, तिथं चुकलं.’

दादाला आणखी एक शंका होती, आणि ती मी बऱ्याच घरांत ऐकली आहे. साठ जीबीचं लग्न खालून वर पाठवायचं म्हणजे नेट किती जाईल? अजिबात जात नाही. फाइल खालच्या मशीनमधून राउटरपर्यंत येते आणि तिथूनच वर वळते, घराबाहेर पडतच नाही. फायबरची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटलेली असली तरी घरातलं हे देणंघेणं सुरू राहतं, फक्त राउटरला लाइट हवी. म्हणून राउटरला एक छोटा यूपीएस लावायचा. प्रत्येक मशीनला राउटर जो पत्ता देतो तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. १९९६ च्या नियमानं असे काही पत्ते जगभरातल्या घरांसाठी आणि कचेऱ्यांसाठी राखून ठेवलेत. गट नंबर १२ चिखलीच्या शिवारात असतो तसा मेहकरच्या शिवारातही असतो, गाव वेगळं म्हणून घोटाळा होत नाही. हेही तसंच.

‘वायफायवर किती वेळ लागते?’

‘वायफायवर नकोच. भिंतीतून केबल वर नेऊ.’ मी हिशेब सांगितला. आपल्या जुन्या राउटरची भोकं शंभर मेगाबिटची, त्यातून सेकंदाला अकरा मेगाबाइटच्या आसपास जातात, म्हणजे साठ जीबीला दीड तास. गिगाबिटचा राउटर घेतला तर त्याच्या दहापट वेग, दहा मिनिटांत काम. डिस्क तेवढी जोराची हवी. पेनड्राइव्हात एकदा भरायचं, वर नेऊन एकदा रिकामं करायचं, म्हणजे वेळ दोनदा जातो आणि पायऱ्या वेगळ्याच.

वायफायवरून माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि मी विचारलं, ‘बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला वायफायचा पासवर्ड तूच देतोस ना?’

‘देतो. अर्धा-अर्धा तास बसते माणूस. चहा देतो तसा पासवर्ड देतो.’

‘मग तो माणूस बाकावर बसलेला नसतो, आपल्या माजघरात बसलेला असतो. त्याचा मोबाइल आणि तुझा कॉम्प्युटर एकाच जाळ्यात.’

दादानं काच खाली ठेवली. हे त्याला खरोखर लागलं. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू करता येतं. त्यातून इंटरनेट मिळतं, पण आतली मशीनं दिसत नाहीत. नवा राउटर आणू तेव्हा पहिलं काम ते, असं आमचं दोघांचं तिथल्या तिथं ठरलं. त्या संध्याकाळी वाद न होता ठरलेली ती एकच गोष्ट.

‘तरी मले सामाईक नकोच,’ तो थोड्या वेळानं म्हणाला. ‘विहीर पाय ना आपली.’

विहिरीचं आमच्या घरात कुणी सहज बोलत नाही. घाटावरच्या आमच्या शेतात विहीर आहे ती आमची आणि चुलत्यांची मिळून. सातबाऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यात आठ आणे हिस्सा लिहिलेला आहे. आजोबांच्या काळी तोंडी पाळी होती, तीन दिवस यांचे, तीन दिवस त्यांचे. मग दोन्हीकडे मोटरी आल्या, लाइन कधी दिवसा तर कधी रात्री यायला लागली, ज्याच्या पाळीत लाइन रात्रीची त्याचं भिजवणं अर्धं राहायला लागलं. एका उन्हाळ्यात बोलणं बंद झालं ते आठ वर्षं.

‘सामाईक म्हटलं की हे असं होते,’ दादा म्हणाला. ‘आपलं-आपलं कपाट, आपलं-आपलं कुलूप. भावाभावांत त्यानंच गोडी राहते.’

मी जरा थांबून म्हणालो, ‘दादा, भांडण हिश्श्याचं झालं का? आठ आणे तर आजही लिहिलेले आहेत, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. भांडण पाळीचं झालं, कारण पाळी लिहिलेली नव्हती. आणि मी फोल्डर केलं तेव्हा तर हिस्साही लिहिला नाही, पाळीही नाही. नुसती विहीर खोदली आणि म्हटलं, या सगळे.’

‘मग लिहिणार कुठं?’

इथं मी त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्याच मशीनवर दाखवलं. फोल्डरवर उजवं बटण, प्रॉपर्टीज. त्यात दोन वेगळे कप्पे आहेत आणि गोंधळ होतो तो बहुतेक इथंच. एक शेअरिंगचा. बाहेरच्या मशीनवरून येणाऱ्यानं काय करावं ते त्यात असतं. दुसरा सिक्युरिटीचा. डिस्कवरच्या त्या फोल्डराशी कुणी काय करावं ते यात असतं. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही नाके ओलांडावे लागतात आणि ज्या नाक्याची अट कडक ती चालते. एकीकडं सगळं मोकळं आणि दुसरीकडं फक्त वाचायची परवानगी असेल तर फक्त वाचताच येतं.

‘वाचायची परवानगी म्हणजे वहिवाट,’ मी म्हणालो. ‘बांधावरून जा-ये कर, पीक बघ. नांगर घालायचा हक्क नाही. लिहायची परवानगी म्हणजे नांगर.’

‘आणि सातबारा?’

हे मात्र त्यानंच शोधलं. सातबारा आता घरबसल्या कुणालाही पाहता येतो, पण फेरफार लिहितो तलाठी आणि मंजूर करतो मंडळ अधिकारी. पाहणारे लाख असले तरी लिहिणारे दोनच. दादा म्हणाला, ‘असं असन तर बोल.’

मग बोलणं बरंच लांबलं. दादाच्या मशीनला पासवर्डच नाही, उघडलं की चालू. विंडोज अशा बिनपासवर्डच्या खात्याला बाहेरून आत येऊ देत नाही, आणि लोक वैतागून ती अटच काढून टाकतात. लॉगिनचा चार आकडी पिनही नेटवर्कवरून चालत नाही, तो त्या एका मशीनपुरता असतो, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं खातं आणि प्रत्येकाचा पासवर्ड. दादाला ते परकं वाटलं. घरातल्या माणसाला घरातच नाव सांगून आत यायला लावायचं?

‘तूच तर विचारलंस, रात्री कोण आलं ते कसं कळणार,’ मी म्हणालो. ‘नावं असली तर हक्क देता येतात. सगळे एकाच नावानं आले तर मशीनला पुतण्या आणि तू सारखेच.’

वहिनी चहा घेऊन आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ‘मले फोटो पाह्याचे असतात, मुळात हात कोणाले लावायचा हाये? मुळाचं वेगळं ठेवा, माझ्या कामाचं वेगळं.’

मी दोन वर्षं याचा विचार करत होतो आणि ती दोन वाक्यांत मोकळी झाली. ‘मूळ’ नावाचं फोल्डर, कार्डातून उतरवलेले फोटो जसेच्या तसे, सगळ्यांना फक्त वाचायला. ‘काम’ नावाचं फोल्डर, अल्बम आणि पत्रिका, तिथं वहिनीला आणि दादाला लिहायची परवानगी. ‘घर’, त्यात लाइट बिलं, शेताचे कागद, आईच्या दवाखान्याच्या फाइली.

‘मुळात मलेपण हात लावता येणार नाही?’ दादानं विचारलं.

‘रोजच्या नावानं नाही. कार्ड उतरवायचं वेगळं नाव, ते तेवढ्यापुरतं वापरायचं. उद्या तुझ्या मशीनमध्ये व्हायरस आला तर तोही तुझ्याच नावानं येणार आणि मुळाच्या दारात अडणार.’

‘आणि तुझ्या गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, बँकेचे कागद? तेही सामाईक?’

‘नाही. ते माझ्या मशीनबाहेर जाणार नाहीत.’

‘म्हणजे तूबी कुलूप लावतो.’ त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, आणि ते योग्यच होतं. लोकांनी विश्वासानं दिलेले कागद घरच्यांपुढेही उघडे ठेवायचे नसतात. जोडता येतं म्हणून सगळंच जोडावं असं मी कधी म्हटलं नाही, पण आधीच्या वेळी वागलो मात्र तसाच.

सगळं ठेवायचं कुठं, हा शेवटचा प्रश्न. दादाचं मशीन रात्री बंद असतं. स्टुडिओच्या कोपऱ्यात एक जुनं, विंडोजला जड झालेलं मशीन पडून होतं. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकायचं आणि तीच एसएमबी भाषा बोलणारा सांबा. सांबाची गोष्ट मी दादाला आवडीनं सांगितली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी होता. १९९१-९२ च्या सुमारास तारेवरून दोन मशीनं काय बोलतात ते नुसतं ऐकून त्यानं ती भाषा उलगडली आणि तीच बोलणारा प्रोग्राम लिहून फुकट वाटला. आधीच्या नावावर दुसऱ्या कंपनीचा हक्क निघाला, तेव्हा त्यानं एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येतात असे शब्द मशीनवरच्या शब्दसंग्रहात शोधले. त्यातून ‘सांबा’ निघालं. परक्या गावाची बोली बाजारात उभं राहून शिकावी तसा तो शिकला. त्या सांबात एक सोय आहे. रिसायकल चालू केलं की नेटवर्कवरून पुसलेली फाइल नाहीशी होत नाही, एका बाजूच्या फोल्डरात जाऊन पडते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे तेवढंच नव्हतं.

‘आणि डिस्कच जळाली तर?’

‘सामाईक ठेवलं म्हणजे जपलं असं नाही. आठवड्याला एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी, आणि ती डिस्क घाटाखाली मामाकडे, खामगावला. अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही.’

‘ते तर मी हळदीच्या कार्डापासून पाळतो,’ दादा म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी पुतण्यानं लिनक्स टाकलं. हट्टानं त्यानंच टाकलं, मी फक्त शेजारी बसलो. दादानं वहीच्या पानावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, डावीकडं घरातली नावं, वर फोल्डरं, आणि प्रत्येक चौकोनात आपल्या हातानं ‘वहिवाट’ किंवा ‘नांगर’ लिहिलं. ‘मूळ’च्या उभ्या रकान्यात सगळीकडं वहिवाट, स्वतःच्या नावापुढंही. ते पान आता राउटरच्या वर चिकटवलेलं आहे. पेनड्राइव्ह अजून खिळ्यावर आहेत, गिऱ्हाइकांचं देणंघेणं त्यांच्यावरच चालतं, आणि लाल पेनड्राइव्ह ‘मूळ’च्या मशीनला लावायचा नाही असं त्यानं पानाच्या तळाशी लिहिलंय.

रात्री त्यानं पुतण्याला वर पाठवलं, स्वतः जिन्यात उभा राहिला.

‘मुळातला एक फोटो पूस.’

‘नाही होत पप्पा. परवानगी नाही म्हणते.’

‘पुन्हा पूस.’

‘तेच म्हणते.’

दादा खाली आला. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यानं एक जुनी डिस्क काढली, तिच्यावर त्या मुलीच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. हळदीचे हाती आलेले तेवढे फोटो आणि लग्नाचे सगळे त्यात होते. ती त्यानं माझ्यासमोर ठेवली.

‘पहिले हे टाक,’ तो म्हणाला.